वाद्य आणि अधिकार

ज्यास धड गातां येत नाहीं त्यानें उत्तम तंबोरा करवून घ्यावा काय, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यानें आम्हांस मागें विचारला. प्रश्नाचा रोख आमच्यावरच होता हें निराळें सांगावयास नको. साठी उलटल्यावर आम्ही गाणें शिकूं लागलों. आमचा आवाज बेताचा, कान त्याहून थोडा बरा. आणि असें असतां मेढ्याहून मिरजेस जाऊन, तेथील एका कारागिराजवळ विसार ठेवून, आम्ही आपल्या नांवाचा तंबोरा सांगून आलों होतों. स्नेह्यास खर्च खटकला नाहीं; खर्च आमचा होता. त्यास खटकलें तें हें कीं, ज्या वस्तु एका हातून वर्षांत मोजक्याच निर्माण होतात त्यांपैकीं एक आम्हीं अडवून ठेवली. त्या वेळीं आम्हीं हंसून उत्तर दिलें. पण पुढें असा प्रसंग आला कीं, हंसण्यानें भागेना.

मागणी देऊन वस्तु करवून घेणें ही आज चैन समजली जाते. आमच्या लहानपणीं जावळीच्या खेड्यांतून तयार वस्तु हीच चैन होती. सुतार नांगर करी तो शेतकऱ्याची जमीन आणि बैलांची उंची पाहून. चांभार वहाणा करी त्या पाय मापून. बलुत्याच्या त्या व्यवहारास सोन्याचा मुलामा देण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. वहाण करणारास घराच्या ओट्यावर चढण्याची मोकळीक नव्हती, आणि काम नाकारण्याचीही नव्हती. करणारा व वापरणारा एकमेकांस नांवानें ओळखीत, एवढ्यानें त्यांचा संबंध न्यायाचा ठरत नाहीं. तथापि त्या व्यवहारांत एक गोष्ट होती खरी. वस्तु होण्यापूर्वींच ती कोणाची हें ठरलेलें असे. दुकानांत याच्या उलट. तेथें वस्तु आधीं असते आणि धनी मागाहून येतो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें आमचें सारें भांडण याच भेदावर आहे.

मिरजेच्या वाद्यांची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेस पटवर्धनांचें संस्थान होतें. तेथील शिकलगार मंडळी तलवारी-भाल्यांस धार लावणारी. इंग्रजी अंमल बसला, हत्यारें म्यानांत गेलीं तीं कायमचींच, आणि धारेचें काम सरलें. पण संस्थानाच्या आश्रयास गवई-वादक होते, व त्यांच्या वाद्यांस दुरुस्ती लागे. ती दुरुस्ती करतां करतां हे लोक स्वतःच सतार-तंबोरे करूं लागले. त्यांत फरीदसाहेब यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. सतारमेकर हें आडनांवच पुढें त्या धंद्यास चिकटलें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ सालीं याच गांवाहून बाहेर पडले आणि १९०१ मध्यें त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ सालीं वारले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यांत आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें.

आमचा पुण्याचा पुतण्या युकुलेली नांवाचें चार तारांचें चिमुकलें वाद्य वाजवितो. त्याच्याकडून त्या वाद्याचा इतिहास ऐकला तेव्हां आम्हांस मिरजच आठवली. पोर्तुगालच्या मदेरा बेटांतून १८७९ सालीं रेव्हन्सक्रॅग नांवाचें जहाज उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं मजूर घेऊन हवाईस गेलें. त्यांत मानुएल नूनीस, ओगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितु सांतु असे तिघे लांकूडकाम जाणणारे होते. मळ्यांतली मुदत भरल्यावर त्यांनीं होनोलुलूंत दुकानें घातलीं, आपल्या देशांतील लहान गिटारीवरून हें वाद्य बनविलें, आणि तेथील राजा कलाकौआ यानें त्यास उचलून धरलें. एकीकडे धार लावणारे, दुसरीकडे ऊंस तोडावयास गेलेले. दोन्हींकडे मूळचें काम सुटलें, एक गुणग्राही राजा भेटला, आणि हातांतलें कसब लांकडांत उतरलें. पुतण्याचें वाद्य मात्र यंत्रावर झालेलें, घरपोंच आलेलें. तो म्हणतो, काका, मलाही एक हातानें करवून घ्यावयाचें आहे, पण आधीं नीट वाजवितां तर येऊं दे. स्नेह्याचा प्रश्न तो असा स्वतःसच विचारतो, आणि आम्हांस वाटतें तेथेंच चुकतो. पण तें पुढें.

आम्ही मिरजेस गेलों तेव्हां कारागिरानें किंमत, नक्षी, रंग यांतलें कांहींच आधीं विचारलें नाहीं. “कोण गाणार, गुरुजी?” एवढेंच विचारलें. आम्ही स्वतः, असें सांगतांना आमचा आवाज नको तितका खालीं गेला. पट्टी कोणती, तर आम्हीं काळी एक सांगितली. त्यानें पेटी पुढें ओढली, आम्हांस सा लावावयास लाविला, दोन-तीनदां ऐकिला, आणि वहींत निमूटपणें पांढरी एक असें लिहिलें. आयुष्यांत आम्हीं पुष्कळ परीक्षा घेतल्या. इतक्या थोड्या शब्दांत कोणास नापास केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. मग त्यानें भोपळे दाखविले. हे खाण्याचे नव्हेत, कडू, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आकार नीट यावा म्हणून वेलीवर असतांनाच ते जमिनीवर कसे बसले आहेत हें पहावें लागतें. वाळलेला भोपळा भिजवावयाचा, कापावयाचा, त्याचें तोंड हळूहळू ताणून पुनः वाळवावयाचें. मग त्यास तुणीच्या लांकडाचा गळा, तबली, पोकळ दांडी. वर चपड्या लाखेचें पॉलिश. आणि सर्वांत शेवटीं जवारी. घोडीचा माथा कानशीनें असा घासावयाचा कीं, तार तिला चाटून जावी, टेकूं नये. आणि तारेखालीं सुताचा धागा सरकवून ती जागा हुडकावयाची. तेथें कागदावरचें माप चालत नाहीं.

आम्हांस दांडीवर द्राक्षवेलीची दाट नक्षी हवी होती. तो म्हणाला, “करून देईन. पण वजन वाढेल, आणि तुमचं लक्ष तिच्याकडेच जाईल.” आम्हीं नक्षी कमी केली. पैसे देणारानें ऐकून घ्यावें आणि घेणारानें सांगावें, असा हा प्रसंग आम्हांस आवडला, हें कबूल केलें पाहिजे.

चार महिन्यांनीं त्याचा फोन आला. त्या सालीं पावसानें भोपळे फार नासले होते. मर्दानी तंबोऱ्यास लागतो तसा मोठा, सारख्या जाडीचा भोपळा त्याच्याजवळ एकच उरला होता, आणि तो आमच्या नांवावर होता. अद्याप कापला नव्हता. मध्यंतरीं एक गवई आपल्या विशींतल्या शिष्यास घेऊन आले होते. मुलाचा गळा असाधारण आहे, असें कारागिरानें स्वतः ऐकून सांगितलें. आणि तो असल्या बाबतींत तोंडपुजेपणा करणारा नव्हे, याचा दाखला आम्हांस पांढरी एकच्या रूपानें मिळालाच होता. मुलगा गरीब नव्हता. गरीब असता तर आमचें काम सोपें झालें असतें. दया दाखविण्यास तत्त्वज्ञान लागत नाहीं. त्यास तंबोरा हवा होता तो आतां, कारण कान घडण्याचीं वर्षें हींच. “भोपळा तुमचा आहे. विसार तुमचा आधीचा. मी फक्त कानांवर घातलं,” असें म्हणून त्यानें फोन ठेवला.

हा प्रश्न नवा नाहीं. ॲरिस्टॉटलनें राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत वाद्याचेंच उदाहरण घेतलें आहे. वादनांत सारख्या असलेल्या माणसांत एक कुळानें थोर आहे म्हणून त्यास चांगली बासरी द्यावी, हें त्यास मान्य नाहीं. कूळ चांगलें असल्यानें बासरी कांहीं चांगली वाजत नाहीं. चांगलें वाद्य चांगल्या वादकास, असा त्याचा निकाल. अमर्त्य सेन यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या न्यायविषयक ग्रंथांत ती बासरी पुनः आणली, पण तिच्यासाठीं भांडणारीं मुलें तीन कल्पिलीं. एकास ती वाजवितां येते. दुसऱ्याजवळ खेळावयास दुसरें कांहींच नाहीं. तिसऱ्यानें ती स्वतः खपून केली आहे. प्रत्येकाचा हक्क बुद्धीस पटतो, आणि एकच तत्त्व धरून निर्विवाद निवाडा करणें शक्य नाहीं, असें त्यांस दाखवावयाचें आहे.

आम्हीं या दोघां थोरांपुढें मनांतल्या मनांत आपली बाजू मांडून पाहिली. आमचें म्हणणें असें कीं, दोघांच्याही गोष्टींत बासरी आधींच तयार आहे; उरला प्रश्न वांटपाचा. सांगून केलेल्या वस्तूचें तसें नाहीं. आम्ही विसार न देतों तर तो तंबोरा नसताच. सेन यांच्या तीन मुलांत ज्यानें बासरी करावयास सांगितली तें चौथें मूल नाहीं. आणि व्यवहारांत पाहूं गेलें तर तिसरें मूल जिवंत राहतें तें या चौथ्याच्या पैशावर. हें आम्हीं कारागिरास पूर्वीं एकदां निराळ्या शब्दांत विचारलें होतें. तो म्हणाला होता, “माझ्याकडे येणारे सगळेच खाँसाहेब असते तर मी उपाशी मेलो असतो.” दहा बेताचे गाणारे तंबोरे घेतात म्हणून अकराव्या खऱ्या गवयासाठीं कोणी तरी जवारी काढणारा उरतो. पुतण्याचें चुकतें असें आम्ही म्हणालों तें यासाठीं. सर्वांनींच आधीं लायक होण्याची वाट पाहिली तर लायक होईपर्यंत कारागीर राहणार नाहीं.

हा युक्तिवाद वाईट नाहीं; पण त्यास एक भोंक आहे. तंबोरा नव्हता, भोपळा होता. तो आमच्या विसारानें उगवला नाहीं. कोणा शेतकऱ्याच्या वेलावर तो आमच्याविषयीं कांहीं न जाणतां वाढला. आम्हीं विकत घेतली ती केवळ रांगेंतली जागा.

तर मग रांगेचें तरी बळ किती? आम्ही रांगेस तुच्छ मानीत नाहीं. खेड्यांत सर्वांस सर्वांचें कूळ, शेत आणि वशिला ठाऊक असतो, एस्. टी. च्या तिकिटाच्या खिडकीपुढें मात्र पाटील आणि मोलकरी एकामागें एक उभे राहतात, आणि रांगेस कोणाचेंच कांहीं ठाऊक नसतें. हें तिचें अज्ञान हाच तिचा न्याय. गुणाच्या नांवानें ती मोडावयाची म्हटलें, तर गुण ठरविणार कोण? येथें शिष्याचा गुण त्याच्या गुरूनें सांगितला. प्रत्येक गुरूस आपला शिष्य असाधारण वाटतो. कारागिरानें दुजोरा दिला हें खरें, पण उद्यां दुसरा कोणी कारागीर मोठ्या घरच्या मुलाचाही गळा असाधारण आहे असें म्हणेल. ज्याच्या अंगीं गुण त्यास आधीं, हें सूत्र दिसावयास उदात्त आहे. पण आपल्या देशांत अधिकार या शब्दाखालीं किती जणांस पाणवठ्यापासून आणि अक्षरओळखीपासून दूर ठेवलें गेलें, हें ज्यास आठवतें त्यानें तो शब्द जपूनच वापरावा.

शिवाय तंबोरा हें निराळ्याच जातीचें वाद्य आहे. बासरी वाजविणाराचें कौशल्य दाखविते. तंबोरा कोणाचेंच कौशल्य दाखवीत नाहीं. चार तारा एकामागून एक छेडावयाच्या, एवढेंच. पण त्या नीट लागल्या, जवारी उघडी असली, म्हणजे खर्जाच्या तारेंतून कोणीं न लाविलेला गंधार आपोआप उमटतो. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते, आणि तरी तो ऐकूं येतो. ज्याचा कान तयार आहे त्यास तो वाईट तंबोऱ्यांतही मनानें भरून काढतां येईल. ज्याचा कान कच्चा त्यास चांगलाच तंबोरा पाहिजे. या हिशेबानें बेताच्या गाणाऱ्याची गरज मोठी ठरते, आणि ॲरिस्टॉटल उलटा होतो. वयाचीही गोष्ट आहे. मुलाचीं कान घडण्याचीं वर्षें हींच, हें खरें. आमचीं तर कान असण्याचींच वर्षें मोजकीं. त्यास पुढला हंगाम खात्रीचा, आम्हांस नव्हे.

एवढे सारे मुद्दे आम्हीं दोन दिवसांत जमविले, आणि ते इतके सुबक जुळले कीं, आम्हांस त्यांचाच संशय येऊं लागला. जो मनुष्य न्यायाधीशही आहे आणि वादीही आहे त्याचा निकालपत्रांतील भाषेवर विश्वास ठेवूं नये. मग दुसऱ्या टोंकास जाऊन आम्हीं भोपळा देऊन टाकण्याचें ठरविलें, आणि तें घरांत जरा मोठ्यानें बोलून दाखविलें. आमचें कुटुंब तांदूळ निवडीत होतें. “अहो, तुम्हांला तंबोरा हवाय, कीं चांगला माणूस म्हणवून घ्यायचंय?” असें मान वर न करतां विचारलें गेलें. या प्रश्नावर ग्रीक ग्रंथांत आधार शोधण्यांत अर्थ नव्हता. घेण्यांत जसा लोभ असतो तसा देण्यांतही असूं शकतो, आणि दुसऱ्या लोभास वंदन करणारे लोक पुष्कळ मिळतात. त्या मुलानें जन्मभर मेढ्याच्या एका म्हाताऱ्याचे उपकार सांगत फिरावें, असा मोह आमच्या मनाच्या कोपऱ्यांत नव्हता असें आम्ही छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं.

शेवटीं आम्हीं भोपळा सोडला. कोणत्या तत्त्वानें, असें विचाराल तर नीट सांगतां येणार नाहीं. वरील मुद्द्यांपैकीं एकही आम्हांस खोटा वाटला नाहीं. रांगेचा मुद्दा तर आजही खरा वाटतो, व कारागिरानें आम्हांस न विचारतां भोपळा दिला असता तर आम्ही रागावलों असतों आणि तो राग न्याय्य असता. पण हक्क आपला आहे हें ठरल्यानेंच तो बजावावा हें ठरत नाहीं. बजावण्याच्या विचारानें आम्हांस तो सा पुनः पुनः ऐकूं येई. आमचा, पेटीपुढचा. आणि त्याच भोपळ्यावर दुसऱ्या कोणाचा तरी, जो आम्हीं ऐकलेला नव्हता. आम्हीं कारागिरास दोन अटी सांगितल्या: आमचें नांव त्या गुरुशिष्यांस कळूं नये, आणि आमची जागा पुढल्या हंगामांत पहिली असावी. पहिली अट कुटुंबाच्या भयानें, दुसरी स्वतःच्या.

आम्हांस वाटलें होतें, तो दोन शब्द गौरवाचे बोलेल. तो म्हणाला, “बरं. विसार ठेवूं कीं परत पाठवूं?” आम्हीं ठेवावयास सांगितला.

आमचा तंबोरा पुढल्या वर्षीं मार्गशीर्षांत आला. मिरजेहून रेल्वेनें साताऱ्यास, तेथून मेढ्यास एस्. टी. नें, सारा प्रवास आम्हीं तो मांडीशीं धरून केला. कंडक्टरानें अर्ध्या तिकिटाची थट्टाही केली. हा दुसरा भोपळा पहिल्याच्या तोडीचा आहे किंवा नाहीं, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें २०१० सालीं एकवीस कसलेल्या व्हायोलिनवादकांस डोळ्यांवर काळे चष्मे चढवून जुनीं-नवीं वाद्यें वाजवावयास दिलीं, तेव्हां स्ट्राडिव्हारीचें व्हायोलिन आणि काल-परवांचें, हा भेद त्यांस ओळखतां आला नाहीं, असें वाचलें आहे. मग आमची कथा काय? पण यानें समाधान होत नाहीं. आम्हांस फरक ऐकूं येत नाहीं, हेंच तो भोपळा देऊन टाकणें बरोबर होतें याचें प्रमाण, असें स्नेही म्हणतो. फरकच नसेल तर मुलासही पुढल्या हंगामाचा चालला असता, असें आम्ही म्हणतों. दर रविवारीं हा वाद होतो.

मेढ्यास पावसाळा मोठा. वेण्णेस पूर आला कीं, घरांतल्या भिंतींस ओल धरते आणि तंबोऱ्याचा आवाज कोंडल्यासारखा होतो. गेल्या श्रावणांत आम्हीं घाबरून मिरजेस फोन केला. कारागिरानें धागा किंचित् पुढें घ्यावयास सांगितला, आणि मग आपण होऊन म्हणाला कीं, त्या मुलानेंही आदल्या आठवड्यांत हेंच विचारावयास फोन केला होता. त्याच्या गांवींही पाऊस फार आहे. आम्हीं धागा सरकविला. तिसऱ्या खेपेस गंधार आला.